नाकवाला मिस्त्री

धक्क्यावर त्याला सगळे नाकवाला म्हणत. बोटींच्या विजेचं काम करणारे आणखी चौघे तिथे होते, मीटरही सगळ्यांकडे होते. पण हा बॅटरीवर वाकून एकदा श्वास ओढायचा आणि निकाल द्यायचा: ही गेली, ही अजून दोन वर्षं काढेल. बिघडलेली बॅटरी चार्जिंगवर सडक्या अंड्यांसारखी घाण मारते, हे कुणालाही कळतं. याला ती घाण इतरांच्या महिनाभर आधी यायची. असा मान मिळाला की माणूस फुगतोच, आणि हा तर चांगलाच फुगला होता.

दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. साबण, डिझेल, करपलेली भाजी, सगळं एकच. त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बोटीवर गेला की पूर्वीसारखाच वाकायचा, डोळे मिटायचा, आणि मग पाठ फिरवून हळूच मीटर लावायचा. मीटर बहुतेक वेळा खरं बोलायचा. बहुतेक वेळा.

त्याची थोरली बहीण आणि दाजी बोटीवरच राहत. दाजींचा झोपेत श्वास अडकायचा, त्यामुळे नाकातोंडावर यंत्राचा मास्क लावल्याशिवाय त्यांना झोपता येत नसे. यंत्र चालायचं इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर बॅटऱ्यांवर, आणि बॅटऱ्या होत्या दाजींच्याच पलंगाखाली. जुना इन्व्हर्टर मध्येच दगा देऊ लागला तेव्हा ताईने हक्काने भावाला बोलावलं.

इन्व्हर्टर त्याने चोख निवडला. यंत्र कुरकुरणार नाही अशी स्वच्छ वीज देणारा, पंप आणि फ्रिज एकदम सुरू झाले तरी न दमणारा, आणि धक्क्यावरची वीज जोडली की बॅटऱ्या दणकून चार्ज करणारा. घोळ झाला तो बॅटऱ्यांपाशी. चारांतल्या दोन उघडच मेल्या होत्या. उरलेल्या दोन दाजींना टाकवेनात. दीडच वर्ष झालंय, म्हणाले, चांगल्या वस्तू कशाला फेकायच्या? नव्या-जुन्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत, जुनी जास्त चार्ज होऊन उकळायला लागते, हे नाकवाला लोकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आला होता. पण दाजींनी विचारलं, "तुझं नाक काय म्हणतं?"

जुन्या दोन्ही बॅटऱ्या भार लावून तास-दोन तास तपासायला हव्या होत्या. पण नाकवाला मीटर घेऊन तपासत बसला असता, तर नाक असताना हे कशाला, असं ताईने विचारलंच असतं. तो वाकला, डोळे मिटले, श्वास ओढला.

"ठणठणीत आहेत," तो म्हणाला. मग दोन नव्या त्याने त्यांच्याच जोडीला बसवल्या.

नवव्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. गार वाऱ्यामुळे दोन दिवस खिडक्या बंद होत्या, ती सांगत होती. परवापासून सडक्या अंड्यांचा वास येत होता, तुला फोन करणारच होते. दाजी अजून झोपलेत, डोकं जड झालंय म्हणत होते.

"पण आज वास नाही बघ. आपोआप गेला. तू उगाच धावत येऊ नकोस."

नाकवाला ताडकन उठला. तो वास बॅटरीतून सुटणाऱ्या विषारी वायूचा, आणि वायू थोडा असतो तोवरच त्याचा वास येतो. वाढला की आधी नाक मारतो, मग माणूस. आणि दाजींचं यंत्र खोलीतली तीच हवा ओढून त्यांच्या नाकात सोडत होतं.

बाहेर ये, धक्क्यावरचा प्लग उपट, आत परत पाऊल टाकू नकोस, असं ओरडतच तो पळत सुटला. ताईने प्लग उपटला, दार सताड उघडलं, पण नवऱ्याला टाकून ती बाहेर थोडीच थांबणार? तो पोचला तेव्हा ती जिन्यात दाजींना बगलेत धरून ओढत होती आणि तिचेच गुडघे वाकत होते. त्याने छातीभर श्वास भरला, आत शिरला आणि दोघांना वर घेतलं. पलंगाखालची एक जुनी बॅटरी फुगून खदखदत होती.

दाजींना दोनदा उलटी झाली, मग त्यांनी डोळे उघडले. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. त्यांना अँब्युलन्समध्ये चढवल्यावर ताई भावाकडे वळली.

"तू तर वास घेतला होतास."

"मला वास येत नाही, ताई. दोन वर्षं झाली."

ती रडेल, निदान एक ठेवून देईल, असं त्याला वाटलं. दिली असती तर बरंच वाटलं असतं. पण तिने धक्क्याला लागलेल्या बोटींच्या रांगेकडे वळून बघितलं.

"या दोन वर्षांत असं ठणठणीत किती जणांना सांगितलंस?"

दोघांना घेऊन अँब्युलन्स निघाली तशी तो रांगेतल्या पहिल्या बोटीवर चढला. गार वाऱ्यामुळे तिच्याही खिडक्या बंद होत्या. त्याने दारावर थाप मारली. आतून कुणी ओ दिली नाही. मग तो दोन्ही हातांनी दार बडवू लागला.