मागनं जेवणारी पोर

आमची पोरगी बारामतीला कालिजात गेली ते नव्वद सालाच्या पुढचं. नेमकं साल मला सांगता याचं न्हाय. मेंढरं इकून झाली व्हती आन आमी निरवांगीच्या शिवारात जवारी करत व्हतो, एवढं ध्यानात हाय. मी साळंत दुसरीपतूर गेले, मंग मेंढरामागं. त्यामुळं कालिज म्हंजे काय असतंय, तितं दीसभर काय करत्यात, हे मला लई इचारावं वाटायचं. पोरगी सुट्टीला आली की मी भाकरी थापता थापता इचारायची.

"घंटा झाली की मास्तर बदलतो का गं?"

"न्हाय आये. मास्तर तितंच. पोरंच उठून दुसऱ्या खोलीत जात्यात."

"आन दप्तर?"

"ते संगं न्यायचं."

पयल्या आठवड्यात ती दुसऱ्याच वर्गात जाऊन बसली. मास्तर यापाराचं कायतरी शिकवत व्हता आन ही आलती इतिहास शिकायला. सगळ्यांच्या म्होरनं उठून जायची लाज वाटली, म्हणून घंटा हुईस्तवर बसली. वहीत लिहून बी घेतलं. मी म्हणलं, "मंग कळलं काय?" तर म्हणती, "कायसुदीक न्हाय, पर मास्तर माझ्याकडं बगून बगून शिकवत व्हता." दोघी लई हसलो.

एका म्हातारीच्या घरात चार पोरींनी मिळून खोली घेतली व्हती. पयल्यांदा हिला झोप लागंना. म्हणायची, गाड्या वाजत्यात त्याचं काय न्हाय, पर कुत्रं भुकत न्हाय. मेंढराच्या कुत्र्याच्या आवाजावर वाढलेली पोर ती.

जेवायचा डबा मी गावाकडनं धाडायची. दीस उगवायच्या आदी भाकरी, कालवण, जरा चटणी करायची आन सकाळच्या एसटीत डायवरच्या मागं ठेवायची. सगळ्या गावांचे डबे तितं असायचे. माझ्या डब्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली. पोरगी बारामतीच्या स्टँडवरनं तो घ्यायची आन मोकळा डबा सांच्या गाडीनं माघारी यायचा. मी पयलं झाकण उघडून बगायची. शीत न्हाय, तुकडा न्हाय, घासून पुसून लख्ख. मला बरं वाटायचं. म्हणायची, पोर पोटभर जेवती.

दिवाळीला ती घरी आली आन मी तिच्याकडं बगतच ऱ्हायले. गालाची हाडं वर आलेली, बांगडी कोपरापतूर सरकायची. आमच्या मालकाचं तोंड उतरलं. सुट्टी सरली, ती माघारी गेली, तरी त्यांच्या डोक्यातनं जाईना. एक दिशी म्हणलं, "पोरगी वाळून चाललीय. आजारी पडली तर तितं कोण हाय तिला? शिकणं बास झालं. उद्याच्या गाडीनं जा आन घिऊन ये."

पर माझ्या मनात एकच घोळत व्हतं. डबा तर लख्ख येतोय. मंग जेवण जातंय कुठं?

दुसऱ्या दिशी डबा मांडीवर घिऊन मी एसटीत बसले. कंडक्टर म्हणला, "आक्का, आज डबा सवता पोचवायला निघालाय व्हय? आमच्यावर भरवसा न्हाय का?"

"तुमच्यावर हाय. डब्यावर न्हाय," मी म्हणलं.

स्टँडवर पोरगी डबा घ्यायला आलेली. मला बगून आदी हसली, मंग घाबरली. "आये, तू कशी काय?"

"तुज्या तात्यांनी तुला आणायला धाडलंय."

ती वाटंनं नुसती खाली मान घालून चालत व्हती. कालिजाचं फाटक आलं तवा मी उभी ऱ्हायले. आत पोरी सायकली लावत व्हत्या, झाडाखाली बसून एकमेकींच्या वह्या बगत व्हत्या. मला आत जाऊन बगायचं लई मन व्हतं. पर पोरगी रडायला आली व्हती, म्हणून चालत ऱ्हायले.

खोलीवर बाकीच्या तिघी आल्या. दोघी इंदापूरकडच्या आन एक कळस गावची, मुलाण्याची पोर, तिच्या बापाचं बांगड्यांचं दुकान. लई बोलकी. आल्या आल्या म्हणली, "मावशी, तुमच्या हातची चटणी आमी बोटं चाटून खातो."

"तुमी खाता?" मी इचारलं.

"मंग! सगळ्यांचे डबे एक करतो. तुमची पोरगी सोडून सगळ्या जेवतो."

मी पोरीकडं बगितलं. ती पाण्याचा तांब्या भरायला उठली.

"ही आमाला वाढती, पाणी देती," कळसची सांगाया लागली. "बस म्हणलं की म्हणती, तुमी जेवा, मी मागनं जेवते. मला वाटलं, माझा डबा मधी असतोय म्हणून हिला चालत न्हाय. म्हणून चार दीस मी माझा डबा घिऊन कोपऱ्यात बसले. तरी बी ही आपली मागनंच. मंग कळंना, हिला नेमकं चालत न्हाय ते काय! म्हणलं, बाहीर खात असंल."

पोरगी तांब्या घिऊन दारात उभी. डोळं भरलेलं. म्हणली, "तसलं काय न्हाय गं. सगळ्यांच्या आदी माझ्या नरड्याखाली घास उतरत न्हाय."

"आन मागनं काय उरतंय?" मी इचारलं.

"कदी कोरभर भाकरी. कदी काय न्हाय."

आता मला उमगलं. आमच्या घरात गडी माणसं जेवल्याबिगर बाई ताटावर बसत न्हाय. माझी सासू बसली न्हाय, मी बसले न्हाय, ही बी तसंच शिकली. पर घरी मी मागच्यांसाठी टोपल्यात भाकरी झाकून ठेवते, गाडग्यात कालवण राखते. हितं कोण राखणार? बाकीच्या तिघी सकाळधरनं शिकून भुकेजून आलेल्या. म्होरं असंल ते खाणार की. त्यांचा काय दोष.

तेवढ्यात त्यांनी पेपर हातरला, डबे उघडले. कळसच्या पोरीच्या डब्यात अंड्याचं कालवण व्हतं. म्हणली, "मावशी, बसा."

आन माझ्या तोंडातनं आपसूक गेलं, "तुमी जेवा गं पोरींनो, मी बसते की मागनं."

मंग कळसची खदाखदा हसाया लागली. "बगा! मूळ हितं हाय! आन आमी हिलाच बोलत व्हतो!"

सगळ्या हसल्या. माझी बी हसली, डोळं पुसत. मला बी हसू आलं. काय करणार, बसले. पोरीचा हात धरून तिला बी शेजारी बसवली. पयला घास मी घेतला, त्या अंड्याच्या कालवणातला. खरं सांगते, मला बी कसंतरी झालं. सगळ्यांच्या म्होरं आपुन तोंड हलवायचं म्हंजे अंगावर कापडं न्हायती असं वाटत व्हतं. पोरगी माझ्या तोंडाकडं बगत व्हती.

"बगती काय? खा," मी म्हणलं.

ती खाया लागली. पयलं हळू, मंग भराभरा. दीड भाकरी खाल्ली. कळसच्या पोरीनं तिच्या म्होरं अंडं सरकवलं तर "बास, बास" म्हणत ते बी खाल्लं. मी मोजून मापून कायबी ठरवलं न्हाय. पर तिला तसं जेवताना बगितलं आन तिचं गठुडं बांधायचं माझ्या मनातनं गेलं.

निघताना कळसच्या पोरीला म्हणलं, "हिला वाढाया देऊ नगं. आदी बसव."

"मावशी, बसली न्हाय तर तिच्यावर बसते मी," ती म्हणली.

सांच्या गाडीनं मी एकलीच माघारी आले. मालक फाट्यावर उभं व्हतं. माझ्या मागं बगितलं, गाडी गेली तरी बगत ऱ्हायलं.

"पोरगी कुठं हाय?"

"तितंच."

"म्या काय सांगितलं व्हतं?"

"ती आजारी न्हाय. उपाशी ऱ्हात व्हती. सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, आन उरायचं न्हाय."

"तिला तसं कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं न्हाय. घरात बगितलं."

वाटंनं आमी दोघं चालत व्हतो, ते म्होरं, मी मागं. वढ्याजवळ आल्यावर ते थांबलं.

"आज जेवली का?"

"जेवली. डोळ्यानं बगून आले."

"म्हयनाभर बगू," ते म्हणलं. "परत वाळलेली दिसली तर मी सवता जाऊन आणीन."

त्यांना जायचं काम पडलं न्हाय.