आगीतून काढलेली किटली

मी कॉफी पीत नाही. कुणी फारच आग्रह केला तर पित्त होतं म्हणून सांगते. ते खोटं आहे. मला कॉफीचा राग आहे, आणि कॉफीवर ज्ञान पाजळणाऱ्या माणसांचा त्याहून जास्त. त्यातला पहिला माणूस आमच्या जळगाव जामोदच्या घरी, माझ्या ताईला बघायला, भर उन्हाळ्यात कोट घालून आला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तेव्हा सतरा वर्षांची, ताई माझ्याहून मोठी. ताईला आधी नकार येऊन गेले होते आणि प्रत्येक नकारानंतर आई आठवडाभर तिच्याशी धड बोलत नसे, जणू ताईनंच काही सांडलं होतं. आता आलेलं स्थळ अकोल्याचं होतं. मुलगा पोस्टात. खामगावच्या एका लग्नात त्यानं आणि ताईनं एकमेकांना पाहिलं होतं. गच्चीवर कुरड्या वाळत घालताना ताई मला म्हणाली, "हे जमलं तं बरं होईन वं." स्वतःसाठी काही मागायची सवय नसलेल्या माणसाच्या तोंडून एवढंच निघतं. मी तिची चेष्टा करणार होते, पण तिचा चेहरा पाहून पुढची कुरडई घातली.

मुलाला वडील नव्हते. सगळा कारभार काकांच्या हाती. काका म्हणतील ती पूर्व दिशा. हे काका म्हैसूरकडे रेल्वेत नोकरी करून परत आलेले. आदल्या दिवशी बसच्या कंडक्टरकडून निरोप आला की काका चहाला शिवत नाहीत, त्यांना कॉफीच लागते. बाबा बाजारभर फिरले. दुकानदारांनी चहाच्या पुड्यांकडे बोट दाखवलं. खामगावला जाऊन यायला वेळ नव्हता.

मग आई मागच्या गल्लीतल्या खालाकडे, आमच्या मानलेल्या मुसलमान मावशीकडे गेली. खालाचा नवरा, आमचे चाचा, कल्हईगर होते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात दिला नाही तर त्यातली कढी कळकते, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चाचा वर्षातून एकदा आमच्या दारात भाता मांडत, निखारे फुलवत, आणि काळवंडलेली पातेली चांदीसारखी करून देत. बाबांना ते भाऊ म्हणत. आमच्या घरातलं एकही भांडं असं नव्हतं ज्याच्या आतून त्यांचा हात फिरला नव्हता. खालाचा भाऊ हजला जाऊन आला होता. त्यानं तिकडून बहिणीला कॉफीच्या बिया आणि लांब चोचीची एक पितळी किटली आणून दिली होती. खाला त्या बिया ईदेला काढायची, एरवी डबा उघडायचीसुद्धा नाही.

"तुमच्यानं नाही होणार ते," ती आईला म्हणाली. "मीच येऊन करून देईन. पोरीचं काम आहे."

सकाळी ती मागच्या दारानं आली. हिरवट बिया तव्यावर भाजल्या, आमच्या खलबत्त्यात कुटल्या, वेलदोडे ठेचून टाकले आणि किटली चुलीवर चढवली. तो वास घरभर झाला. फार चांगला वास होता. हे कबूल करताना मला आजही राग येतो.

काका आले, लोडाला टेकले, पोह्यांवर खोबरं कमी आहे असं म्हणाले आणि सुरू झाले. आफ्रिकेतल्या अ‍ॅबिसिनियात एक धनगर होता म्हणे. त्याच्या बकऱ्या लाल फळं खाऊन नाचायला लागल्या. मग ते झाड समुद्र ओलांडून येमेनात गेलं. तिथले फकीर रात्रभर अल्लाचं नाव घेता यावं म्हणून त्या बियांचा काढा पीत. मक्केत कुणा अधिकाऱ्यानं कॉफीवर बंदी घातली, ती टिकली नाही. अरब व्यापारी फार बेरकी. बी बाहेर जाऊन रुजू नये म्हणून उकळून, भाजूनच विकायचे. "आणि आपल्याकडे कशी आली माहीत आहे?" काकांनी बाबांना विचारलं. बाबांना कसं माहीत असणार? बाबांना कपाशी माहीत होती. "एक फकीर हजहून येताना सात बिया चोरून घेऊन आला. कमरेला बांधून. म्हैसूरच्या डोंगरात लावल्या. केवढी हिंमत." काकांनी मांडीवर थाप मारली. पुढे डच लोकांनी झाड जावा बेटावर नेलं, फ्रेंचांनी समुद्रापार नेलं, ब्राझीलचे डोंगरच्या डोंगर कॉफीनं भरले. लंडनमध्ये कॉफीच्या दुकानांत बसून लोक राज्यकारभाराच्या गोष्टी करू लागले. इंग्रजांनी तर आपल्या सातपुड्यात, चिखलदऱ्यालाही लावली.

हे सगळं खरं आहे. दंतकथा सोडल्या तर पुढे मी वाचलं तेव्हा तसंच निघालं. फक्त ब्राझीलचे डोंगर कुणाच्या पाठीवर कोरडे ओढून भरले, किती गुलाम त्या मळ्यांत मेले, ते काकांनी सांगितलं नाही. काकांशेजारी बसलेला मुलगा खाली मान घालून पोह्यांतले दाणे वेचत होता.

ताई कप घेऊन बाहेर आली. बिनदुधाची, सोनेरी, वेलदोड्याचा वास असलेली कॉफी. काकांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"दूध नाही?"

"तिकडे अशीच पितात म्हणे," बाबा म्हणाले. "मुलीनंच केली."

काकांनी आणखी एक घोट घेतला. ज्या देशाचं गुणगान आत्ताच गाऊन झालं होतं त्या देशाची कॉफी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. "कुठे शिकलीस गं ही?" त्यांनी ताईला विचारलं.

उत्तर ठरलेलं होतं. आईनं सकाळपासून घोकून घेतलं होतं. ताईनं मुलाकडे एकदा पाहिलं, मग काकांकडे.

"खालांनी केली. मी नुसती ओतली."

काकांनी कप बशीत ठेवला. खिशातून रुमाल काढून ओठ पुसले, मिशा पुसल्या, बोटंसुद्धा एकेक करून पुसली. सात बिया कमरेला बांधणाऱ्या फकिराचं कौतुक करणारा हाच माणूस. कोणी विचारलं नाही की अहो, त्या बिया कुणाच्या कमरेच्या होत्या. मीही विचारलं नाही. ताईचं लग्न मोडलं असतं.

"तसं नाही हो," बाबा घाईनं म्हणाले. "बिया तेवढ्या तिच्या. पोरगी गोंधळली. ती बाई आमच्या घरात येत नाही कधी. उंबऱ्याबाहेरूनच काय ते घेणं-देणं."

उंबऱ्याच्या आत, चुलीसमोर, खाला बसलेली होती. मी दारात उभी होते म्हणून मला दोन्हीकडचं दिसत होतं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि आईकडे पाहिलं. आई चुलीकडे पाहत राहिली. खाला मागच्या दारानं निघून गेली. किटली चुलीवरच राहिली.

काका निघताना म्हणाले, "कपबश्या फेकून द्या. भांडी आगीतून काढून घ्या. मग पुढचं बोलू." मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तो आजही फारसं बोलत नाही.

त्या दुपारी आईनं अंगणात गोवऱ्या पेटवल्या. काय काय शिवलं गेलं असेल याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिनं घरातलं झाडून सगळं पितळ त्या आगीत घातलं. आणि हात चालूच असताना खालाची किटलीही घातली. जिचा विटाळ म्हणून भांडी जाळायची, तिचंच भांडं शुद्ध करून तिला परत द्यायचं, हे आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकतं. सगळ्या भांड्यांची कल्हई वितळून राखेत ठिबकली.

किटली परत द्यायला ताई गेली, मी तिच्याबरोबर. चाचांनी आत डोकावून पाहिलं, आतून बोट फिरवलं, बाहेरची काजळी पाहिली. जन्मभर भांडी भट्टीत धरणाऱ्या माणसाला काय झालं ते सांगावं लागत नाही. "आग कशाले देल्ली?" त्यांनी विचारलं. खाला उठून आतल्या खोलीत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

अकोल्याहून होकार आला. बाबांनी गल्लीत साखर वाटली. मागच्या गल्लीतलं खालाचं दार तेवढं चुकवलं.

लग्न तोंडावर आलं तेव्हा आईच्या लक्षात आलं की घरात एकाही भांड्याला कल्हई नाही आणि मांडवात कढी शिजायची आहे. बाबांना स्वतः मागच्या गल्लीत जावं लागलं. चाचा येणार नाहीत असं मला वाटत होतं, खरं तर तसंच व्हावं असं वाटत होतं. ते आले. दारात भाता मांडला. बाबा म्हणाले, "आत अंगणात बसा ना, ऊन आहे."

"नाही मालक. बाहेरच ठीक आहे."

बाबांना मालक म्हणण्याची त्यांची ती पहिली वेळ. दिवसभर त्यांनी पातेली, परात, घागरी एकेक करून निखाऱ्यावर धरली, नवसागर टाकला, कथील फिरवलं. काम नेहमीसारखंच चोख. शेवटचं पातेलं उंबऱ्याच्या बाहेर ठेवून ते म्हणाले, "आता पुन्हा आगीतून काढू नका, मालक. आगीतूनच काढले मी." बाबा पातेल्यात पाहत उभे राहिले. त्यात त्यांना त्यांचंच तोंड दिसत असणार.

लग्न झालं. कढी कळकली नाही. काकांनी दोनदा वाढून घेतली.

पाठवणीची जीप मागच्या गल्लीतून निघाली तेव्हा ताईनं ती थांबवायला लावली. शालू सावरत खाली उतरली. खालाच्या ओट्यावर ती किटली उन्हात ठेवलेली होती, झाकण उघडं, आतून नवी कल्हई चमकत होती. ताईनं कडी वाजवली. "खाला, मी जाऊन राह्यली."

काकांनी जीपमधून उशीर होतोय म्हणून सांगितलं. ताईनं पुन्हा कडी वाजवली, पुन्हा हाक मारली, मग कपाळ दाराला टेकून उभी राहिली. मी तिच्या मागे होते. आतून बिया भाजल्याचा वास येत होता. दार उघडलं नाही.