तात्यांच्या मशीनवरची मदत

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक सांभाळायचो. ऊसनोंद करणाऱ्या तात्यांसाठी मी मराठीत, एफ-वन बटण दाबलं की उघडेल अशी मदतीची फाइल लिहून सर्व्हरवर ठेवली, पण उघडून पाहिली ती फक्त माझ्या टेबलावरच्या मशीनवर.

तात्या दोनदा म्हणाले, "साहेब, एफ-वन दाबलं की इंग्रजीच कायतरी येतंय. तुमचं मराठी न्हाय दिसत."

"तात्या, चष्मा बदला!"

सगळे हसले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. अंदाजानं बटण दाबलं आणि एका गावाच्या नोंदी पुसल्या गेल्या. शिक्षा म्हणून साहेबलोकांनी त्यांना कारखान्याच्या फाटकावर बसवलं.

त्यांच्या मशीनवर बसलो तेव्हा कळलं, सर्व्हरवरच्या ज्या फोल्डरमध्ये ती फाइल होती, तो त्यांच्यासाठी मी खुला केलाच नव्हता. तो गुपचूप खुला केला. फाटकावर तात्या मला रोज उठून नमस्कार करायचे.