सिनेमात पंच नसतात

दोन पोलिसांच्या जोडीचा सिनेमा लागला की मी हातातलं काम टाकतो. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, पण ही खोड काही जात नाही. सगळा मामला ठरलेला असतो. एक पोलीस तडकू, दुसरा थंड. एक कायद्याचं पुस्तक कोळून प्यायलेला, दुसऱ्यानं तेच पुस्तक उशाला घेऊन झोपा काढलेल्या. साहेब टेबलावर हात आपटून दोघांना एकाच कामावर पाठवतो आणि दोघं सवतींसारखे एकमेकांकडे बघतात. मग पाठलाग, त्यात भाजीची हातगाडी उलटलीच पाहिजे. मग भांडण, मग ताटातूट. एक जण पुरता अडकला की दुसरा ऐनवेळी दार तोडून येतो, आणि शेवटी दोघं एकाच गाडीत बसून कुठल्यातरी भंगार विनोदावर हसतात. बायको म्हणते, एक पाहिला की सगळे पाहिले. मी तिला विचारलं, मग तू रोज वरण-भात काऊन करतेस? त्या दिवशी मला वरण-भातही मिळाला नाही.

या सिनेमांबद्दल माझी तक्रार एकच आहे. इतक्या वर्षांत मी त्यात एकही पंच पाहिला नाही. हिरो लाथ मारून दार उघडतो, माल सापडतो, खेळ खलास. अरे बावा, पण माल सापडला तेव्हा पाहिला कोणी? कागदावर सही कोणाची? आमच्याकडे मोहाच्या दारूचा एक डबा पकडायचा तरी दोन पंच लागतात. म्हणजे पोलिसांच्या बाजूला उभं राहून जे घडलं ते डोळ्यांनी पाहणारे आणि पंचनाम्याखाली सही करणारे दोन तिऱ्हाईत. गावातल्या पंचांना कोर्टात उभं केलं की काहीच आठवत नाही, म्हणून कधीकधी सरकारी नोकरांना नेतात. आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, तेव्हा धाडींना तोटा नाही. मी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून. माझी पाळी कधी ना कधी येणारच होती.

ती आली नेमकी शनिवारी, सुट्टीच्या दिवशी. आदल्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, आता टेबलावर हात आपटतील. त्यांनी फाइलीतून मानसुद्धा वर न काढता सांगितलं की उद्या सकाळी धाडीवर पंच म्हणून जायचं आहे, तुम्ही आणि मॅडम. मॅडम म्हटल्याबरोबर माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

या मॅडम आमच्या आवक-जावक टेबलावरच्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, माहेर सेवाग्रामकडचं, अंगावर खादीची साडी आणि गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. कचेरीत पत्र आलं की त्यावर बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचणार, मगच नोंद करणार. लिफाफ्याची मागची बाजूही सोडत नाहीत. माझी एक टिपणी त्यांनी तीनदा परत पाठवली होती, त्यात एकदा तर नुसत्या तारखेसाठी. मी पडलो घाईचा माणूस. चहा गार व्हायच्या आत फाइल पुढे सरकली पाहिजे. आम्ही एकमेकांशी गरजेपुरतं बोलायचो आणि तेही शिपायामार्फत. म्हणजे बघा, जोडी सिनेमातल्यापेक्षाही भारी जमली होती.

त्यात शनिवारी आमचा तीनचा शो. वर्ध्याला असाच जोडीच्या पोलिसांचा नवा सिनेमा लागला होता. बायकोनं मोबाइलवर तिकिटं काढली होती आणि बाराची एसटी पकडू, असा मी तिला शब्द दिला होता. ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

सकाळी सातला पोलिसांची जीप आली. पुढे जमादार, मागे दोन शिपाई आणि त्यांच्यासमोर मॅडम, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. मी खास काळा चष्मा चढवून गेलो होतो. मॅडमनी विचारलं, डोळे आले का? मी चष्मा खिशात टाकला.

गाव तळेगावच्या अलीकडचं, नाव सांगत नाही. नाल्याच्या बाजूनं चार-पाच घरं, त्यांच्या मागे भाजीचे वाफे, मग काटेरी कुंपण आणि त्यापलीकडे नाल्याच्या काठानं बेशरमाची दाट झाडी. जीप थांबली आणि झाडीतून एक माणूस उठून पळाला. सिनेमात हीच वेळ असते. माझे पाय काही जागेवर राहिले नाहीत. जमादार मागून थांबा-थांबा ओरडत होते, मला वाटलं त्यालाच ओरडताहेत. वांग्याचा वाफा तुडवला, टमाटराचे बांबू आडवे केले, कुंपणात पँट फाडून घेतली आणि शेवटी त्याची कॉलर धरली. त्याच्या एका हातात टमरेल होतं आणि दुसऱ्या हातानं तो पायजमा सांभाळत होता. बिचारा सकाळच्या कामाला बसलेला, जीप पाहून घाबरला. मी कॉलर सोडली तेव्हा त्यानं मला विचारलं की आता याच्यावरही बंदी आली का.

परत आलो तर शिपाई तोंड फिरवून हसत होते. मॅडम हसल्या नाहीत. पंचाचं काम पाहण्याचं असतं, पळण्याचं नाही, एवढं सुनावून त्यांनी पर्समधून एक सेफ्टी पिन काढून माझ्या हातावर ठेवली. मला भयंकर राग आला. त्या पिनेची फार गरज होती म्हणून जास्तच आला.

माल सापडला तो कुंपणाच्या पलीकडे, नाल्याच्या काठात पुरलेला. दारू गाळण्यासाठी मोहाची फुलं कुजत घातलेले चार प्लास्टिकचे डबे, वर पाचोळा टाकलेला. एका शिपायानं नमुन्याची बाटली भरून घेतली आणि बाकी सगळं तिथंच ओतलं. दुसरा मोबाइलवर शूटिंग करत होता. वासानं माझं डोकं भणाणून गेलं. आता डबे कोणाचे म्हणून विचारायचं, तर सगळ्यांची दारं बंद. उघडं होतं ते सगळ्यात जवळच्या घराचं. घरात एकटी पोरगी, वीस-बावीसची. आई भाजी घेऊन तळेगावच्या बाजाराला गेली होती. मी तुडवलेले वाफे त्यांचेच निघाले. जमादारांनी नाव विचारलं, वय विचारलं. पोरीनं ताठ उभं राहून सगळं पटापट सांगितलं आणि डबे आमचे नाहीत, हेही सांगितलं. जमादार म्हणाले, सगळे असंच म्हणतात.

पंचनामा ठाण्यातून छापूनच आणला होता. यात कपट काही नव्हतं, ती तिथली कामाची रीत होती. लिहिण्याचं काम करणारा शिपाई कम्प्युटरवर मागच्या धाडीचा पंचनामा उघडतो, गाव आणि तारीख बदलतो, आरोपीच्या आणि मालाच्या जागा रिकाम्या सोडतो. बाकीचा मजकूर वर्षानुवर्षं तोच. जमादारांनी रिकाम्या जागी पोरीचं नाव भरलं, चार डबे भरले आणि कागद माझ्यापुढे केला. साडेदहा वाजले होते. मी वरून खाली नजर फिरवली आणि पंच क्रमांक दोनच्या जागी झोकात सही ठोकली.

मॅडमनी कागद जीपच्या बॉनेटवर पसरला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. झालं! माझा जीव बाराच्या एसटीत अडकलेला आणि यांचं बोट मुंगीच्या चालीनं चाललेलं. मी घसा खाकरला. जमादारांनी खाकरला. मी म्हटलं, मॅडम, तेच ते असतं सगळं. त्यांनी ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. दुसऱ्या पानावर मधोमध त्यांचं बोट थांबलं.

"जमादार साहेब, इथी लिहिलं हाये, राहत्या घरातून मिळून आला. घरात काय मिळालं?"

जमादार म्हणाले की मागच्या केसमध्ये माल घरात होता, ते शब्द राहून गेले. आणि नाला घरापासून दहा पावलांवर तर आहे, फरक काय पडतो. मॅडमनी पोरीकडे प्यायला पाणी मागितलं. पोरगी गडवा घेऊन आली. काय शिकतेस, म्हणून मॅडमनी सहज विचारलं आणि एवढा वेळ ताठ उभी असलेली ती पोरगी ढसढसा रडायला लागली. पोलीस भरतीचं मैदान ती पास झाली होती, लेखी पास झाली होती, निवड यादीत नाव लागलं होतं. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती, म्हणजे तिच्यावर कुठं गुन्हा आहे का, एवढंच बघायचं राहिलं होतं. तीन वर्षं ती रोज पहाटे आर्वीच्या रस्त्यावर धावली होती. आणि आज या कागदावर मोहाचा माल तिच्या घरातून निघाला होता.

सिनेमात इथं बॅकग्राउंडला ढोल वाजतात. इथं माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी मॅडमना बाजूला घेतलं आणि समजावलं की काय ते कोर्ट पाहील, आपण कशाला पोलिसांशी वाकडं घ्यायचं, सही करा आणि चला. शिपायामार्फत न झालेलं आमचं पहिलं भांडण ते.

"बाबू, तुले सिनेमाले जाचं हाये ना? मंग जा," मॅडम म्हणाल्या. "नाला लिहिल्याशिवाय मी सही करत नाई."

मी पाय आपटत जीपमध्ये जाऊन बसलो. इकडे जमादारांचा पारा चढला. एका पंचाची सही झालेला कागद रद्द कसा करायचा, वरच्या साहेबांना काय सांगायचं, असा त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. मॅडमनी त्यांना बोलू दिलं. ते दमले तेव्हा शांतपणे म्हणाल्या की तुमच्याच शिपायाच्या मोबाइलात नाला दिसतो आहे, उद्या वकिलानं कोर्टात तेच चालवून दाखवलं तर तुम्ही काय सांगाल? शिपायाचा मोबाइल घेऊन जमादारांनी शूटिंग पुन्हा पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि जीपमधून कोरे कागद मागवले. छापील पंचनाम्यावर त्यांनी आडवी रेघ मारली, माझ्या झोकदार सहीवरूनच ती गेली.

हातानं लिहायला तास गेला. घरापासून किती पावलं हे लिहायचं म्हणून मॅडमनी मला जीपमधून उतरवून मोजायला लावलं. दहा कसली, छत्तीस भरली. माल कुंपणापलीकडे, झाडीत, मालक अज्ञात, असं लिहून झालं. मग मॅडमनी तोही कागद बोट ठेवून वाचला आणि त्यात तारीख चुकलेली काढली. जमादारांनी कपाळाला हात लावला, मीही लावला. त्या एका गोष्टीत आमचं दोघांचं मत जुळलं.

बाराची एसटी गेली. बायको मेहुणीला घेऊन सिनेमाला गेली आणि घरी आल्यावर तिनं चपला काढायच्या आधी मला शेवट सांगून टाकला. परतीच्या वाटेवर मॅडमनी डबा उघडून मला अर्धी भाकर दिली होती. मी घेतली, पण बोललो नाही. रुसवा धरायला मला आवडतं.

दोन-अडीच महिन्यांनी ती पोरगी कचेरीत आली, पेढ्यांचा डबा घेऊन. नेमणुकीचा आदेश हातात पडला होता, सोमवारी ट्रेनिंगला निघायची होती. आधी मॅडमच्या पाया पडली. मॅडमनी तिचा आदेशही बोट ठेवून वाचला आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीच आलं. मग ती माझ्या टेबलाशी आली. तिचा वाफा तुडवलेला, तिच्या नावाच्या कागदावर सही केलेली, तरी हसत उभी होती. तिनं डबा पुढे धरला.

"सर, त्या दिवशी तुम्ही ते वाचलं नसन. वाचलं असतं तं तुम्हीबी सही केली नसती."

मी पेढा तोंडात टाकला आणि होकाराची मान हलवली. ती डबा घेऊन शिपायाकडे गेली. मॅडम त्यांच्या टेबलावरून माझ्याकडे बघत होत्या. 'राहत्या घरातून' हे शब्द त्या दिवशी मी वाचले होते. माल घरात नव्हता, हेही मला माहीत होतं. एसटी बाराची होती, म्हणून मी सही केली होती.