नोकरपट्टी

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आमच्या शेजारचे काका दिवसा डेटाबेस सांभाळायचे आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर इंग्लंडातली जुनी करांची दप्तरं वाचायचे. तिथे म्हणे घरात गडी ठेवला की सरकार मालकाकडून कर घ्यायचं, आपल्या घरपट्टीसारखा. काका त्याला नोकरपट्टी म्हणत. कुणाकडेही गेले, की बूट काढता काढता त्यांची तपासणी सुरू. कुणाचे सासरे लॉन कापताना दिसले, "माळी. पट्टी लागू." माझा नवरा गाडी धूत होता, "गाडीवान. लागू." आम्ही खो खो हसायचो.

बाळाच्या बारशाला माझी आई सकाळपासून किचनमध्ये पोळ्या लाटत होती. बाळंतपणासाठी ती नागपूरहून सहा महिने आली होती. काका दारात थबकले.

"काका, लागू ना?" मीच विचारलं.

"बघतो. ताई, पगार किती?"

"इश्श! लेकीकडे कसला पगार?"

"सुट्टी?"

"आता परतीच्या विमानातच!" आई हसली.

काकांनी गंभीरपणे मान हलवली.

"नाही लागू. ही पट्टी फक्त नोकरांवर होती."

हॉलमधले सगळे हसले. मी लाटणं घ्यायला पुढे झाले, तर आई म्हणाली, "राहू दे गं, तुझे पाहुणे खोळंबलेत."