लॅपटॉपच्या पोटातला रंगीत पुंजका

टेलरबाईंचा एकच हेका: यंत्र बिघडत नाही, तुंबतं. शिलाईमशीन अडलं की त्या सुईखालचा कचरा ब्रशने काढत, तेलाचा थेंब सोडत, की झालं. मग लेकीचा लॅपटॉप काय आकाशातून पडला होता?

मागच्या खोलीत नेट पोचत नसे, म्हणून लेक बाईंच्याच खोलीत, मशीनला लागून टेबल टाकून ऑफिसचं काम करायची. हल्ली लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, घरघरायचा आणि ऐन मीटिंगमध्ये मान टाकायचा. साहेबांनी दम भरला होता, पुन्हा बंद पडला तर सरळ ऑफिसात येऊन बसायचं. ऑफिस दुसऱ्या शहरात. म्हणजे लेक घर सोडणार आणि बाई एकट्या पडणार.

म्हणून लेक भाजी आणायला गेली तशी बाईंनी लॅपटॉप बंद केला, वायर काढली आणि मशीनच्या बारक्या पेचकसाने त्याचं बूड उघडलं. पंख्याला बोट लावून ब्रश फिरवला. जाळीतून जाडजूड पुंजका निघाला. बाई बघतच राहिल्या. धूळ राखाडी असते ना? हा लाल, निळा, मध्येच पिवळा! लाल तर समोरच्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यांचा, निळा शाळेच्या गणवेशांचा.

"अगं बाई! म्हणजे हा माझाच कचरा?"

त्यांचं डोकंच चालेना. लेकीची नोकरी घालवायला निघालं कोण, तर आपण? शिवण सोडून द्यावं? लेकीला सांगावं, की पुंजका गुपचूप केरात टाकावा? झाकण लावून त्यांनी लॅपटॉप सुरू केला, तर घरघर नाही की काही नाही. "मेला वाटतं!" त्यांनी कान लावून पाहिलं. गप्प मशीन म्हणजे बंद मशीन, एवढंच त्यांना ठाऊक. स्क्रीन मात्र छान उजळलेली. आता हा जिवंत की मेलेला, कुणाला विचारायचं?

ते कोडं तसंच सोडून बाई शिलाईमशीन मागच्या खोलीकडे ओढू लागल्या. निम्म्या वाटेवर होत्या तोच लेक दारात.

"आई, काय चाललंय हे?"

बाईंनी मूठ उघडून पुंजका दाखवला.

लेकीने पिशवी खाली ठेवली. "माहितीये मला. मागे दुरुस्तीवाल्याने असाच काढून हातावर ठेवला होता."

"मग बोलली का नाहीस, शहाणे? एवढी साहेबांची बोलणी खाल्लीस ती!"

"बोलले असते तर तू लगेच मशीन मागे नेलं असतंस. तिथे खिडकी नाही. इथे भर उजेडात सुईत दोरा ओवताना तुझे डोळे दुखतात, तिथे काय केलं असतंस?"

बाईंना रागवावं की रडावं तेच कळेना. शेवटी डोळे पुसत त्या खेकसल्या, "बघत काय उभी राहिलीस? धर ते टोक, ठेवू परत जागेवर. आणि तुझ्या साहेबांना सांगून ठेव, यापुढे दर रविवारी त्यांचा लॅपटॉप मी उघडणार!"