मामाच्या कठड्यावरचा सूर्य

मामा रोज चहाच्या आधी गच्चीवर जायचा. गच्ची ओतली तेव्हा ओल्या सिमेंटमध्ये त्याने स्वतःची दोन पावलं उमटवून ठेवली होती. त्या पावलांत पाय ठेवून उभं राहायचं, सूर्याची कड दिसली की हात लांब करायचा आणि तिच्या बरोबर समोर कठड्यावर पेन्सिलीची एक रेघ मारायची. ढग असले तर रेघ नाही. अंदाजाने मारलेली रेघ म्हणजे खोटी साक्ष, असं तो म्हणायचा. त्या दिवसाची जागा कोरी राहायची.

मामा गवंडी होता. भिंत सरळ आहे की नाही हे दोरीला टांगलेल्या ओळंब्याने तपासल्याशिवाय तो पुढची वीट ठेवत नसे, म्हणून सगळे त्याला ओळंबेमिस्त्री म्हणत. मामी म्हणायची, लग्नातही यांनी आधी मांडवाचे खांब तपासले, मग माझ्याकडे पाहिलं.

कठड्यावरच्या रेघा सहा महिने एका बाजूला सरकत, मग परत फिरत. मधल्या रेघा सुट्या सुट्या असत, टोकाला मात्र एकीवर एक चढून त्यांचा काळा डाग होई. तिथे सूर्य चार-सहा दिवस थांबल्यासारखा वाटतो. तो फिरला की मामा कठड्याला चुना मारून पुन्हा सुरुवात करायचा. मी शाळेत असताना विचारलं होतं, हे तुला कोणी शिकवलं? म्हणाला, शिकवायला काय लागतं, एका जागी उभं राहता आलं पाहिजे.

मी कॉलेजात होते त्या वर्षी संग्रहालयाच्या आवारात एक फार जुनी दगडी खोली पुन्हा उभी करायचं काम त्याला मिळालं. धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी तिचे दगड आकडे घालून उचलून आणले होते. दाराच्या वर एक अरुंद फट होती. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी उगवतीचं ऊन त्या फटीतून थेट मागच्या भिंतीवरच्या कोरलेल्या वर्तुळापर्यंत पोचायचं. तेव्हाच्या लोकांना त्यावरून कळायचं, की सूर्य टोकाला पोचला, आता परतीला लागेल, पेरणीचे दिवस मोजायला हरकत नाही. मूळ जागेसारखंच इथलं क्षितिजही सपाट होतं. खोलीची दिशा तेवढी अचूक हवी होती.

दिशा ठरवल्या संग्रहालयाच्या बाईंनी. हुशार आणि कामाला वाघ. नव्या चौथऱ्यावर महागडं होकायंत्र ठेवून त्यांनी पूर्व-पश्चिम रेघ आखली, तिच्यावरून मोजून खालचे दगड मांडून घेतले. दुसऱ्या दिवशी सांध्यांत सिमेंटचा माल भरायचा होता. तो एकदा भरला, की ते दगड फोडल्याशिवाय निघणार नव्हते.

मामा त्या रेघेकडे पाहून म्हणाला, ही तिरकी आहे. बाई हसल्या, म्हणाल्या, मिस्त्री, यंत्र तुमच्या डोळ्यापेक्षा बरं. मामाने एक दिवस मागितला. मोकळ्या जमिनीत ओळंबा धरून सरळ काठी रोवली, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखलं. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं तिथे खडा ठेवला. दुपारनंतर ते पुन्हा शिवेल तिथे दुसरा खडा. दोन्ही खडे जोडले की पूर्व-पश्चिम. पण दुपारी आभाळ भरून आलं आणि दुसरा खडा मामाच्या हातातच राहिला.

कामगार म्हणाले, साधारण कुठे येईल ते ठाऊक आहे की, ठेवा खडा. मामाने तो खिशात टाकला आणि आणखी एक दिवस मागितला. बाईंचा धीर सुटत होता. उद्घाटनाची पत्रं गेली होती. तेव्हा मामा म्हणाला, "उद्या माझी रेघ चुकली, तर थापी धुऊन कायमची माळ्यावर ठेवीन."

घरी मामी दोन वेळा वाढता वाढता थांबली. शेवटी म्हणाली, "अहो, एवढीच खात्री असेल तर आपला कठडाच उचलून न्या की."

"खात्री आहे म्हणून तर मोजतोय," मामा म्हणाला आणि भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. आभाळ स्वच्छ होतं. सकाळचा खडा पडला. दुपारनंतर बाई स्वतः काठीजवळ उकिडव्या बसल्या आणि सावली शिवली तसा त्यांनीच दुसरा खडा ठेवला. मामाने दोरी ताणून रेघ चौथऱ्यावर नेली. दोन्ही रेघा एका टोकाशी जुळत होत्या. दुसऱ्या टोकाला त्यांच्यात वीतभर अंतर पडलं होतं.

मग मामा खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, यंत्र चांगलंच आहे. पण या चौथऱ्याच्या पोटात लोखंडी सळ्यांची जाळी आहे. मीच बांधली आहे."

बाईंनी होकायंत्र उचललं आणि चालत दूर कुंपणापर्यंत गेल्या. तिथे सुई फिरून मामाच्या रेघेशी बरोबर काटकोनात थांबली. परत येऊन म्हणाल्या, दगड हलवा. तेवढंच. पण त्या दिवसापासून त्या मामाला मिस्त्री म्हणायच्या त्यात वेगळा मान असे.

सगळ्यात लहान दिवशी आम्ही त्या खोलीत दाटीने उभे होतो. आधी काहीच नव्हतं. मग फटीतून दोन बोटं रुंद ऊन आत आलं, मागच्या भिंतीवर उंच पडलं आणि हळूहळू खाली सरकत वर्तुळात उतरलं. बाई मामाला म्हणाल्या, त्या लोकांकडे काय ज्ञान असेल. मामा म्हणाला, ज्ञान नंतर, आधी ते रोज उठत असतील.

थापी त्याने त्यानंतर बारा वर्षांनी ठेवली, गुडघे गेले म्हणून. जिनाही बंद झाला. मी सुट्टीला आले की माझी पावलं त्याच्या पावलांत ठेवून रेघ मारायचे; तो खालून खुर्चीतून विचारायचा, आज किती सरकला?

शेवटच्या वेळी मी गेले तेव्हा सूर्य टोकाजवळ आला होता. कालच्या रेघेशेजारी केसाएवढी जागा उरली होती. मी पेन्सिल धरून बराच वेळ उभी राहिले, मग खाली ओरडून सांगितलं, ढग आहेत, पण कुठे येईल ते मला दिसतंय.

"मग जागा सोड आणि खाली ये," मामा म्हणाला. "चहा निवतोय."